पोले म्हणायचा मोसम

धूर परत आलाय. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसतो, त्याच्या मागचा दिसत नाही, आणि त्याच्याही मागून जाणारी एमआरटीची गाडी नुसती ऐकू येते. मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळ्या खिडक्या लावून फटींत ओले टॉवेल कोंबलेत. तरी वास येतोच. उशीला येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना येतो, परवा तर वरणालाही आला. सिंगापुरातल्या चोआ चू कांगमधली आमची लिफ्ट सध्या मास्क लावलेल्या माणसांनी भरलेली असते आणि जो तो फोनवर हवेचा आकडा बघत असतो, जणू बघितल्याने तो खाली येणार आहे.

हा धूर इथला नाही. समुद्रापलीकडे दुसऱ्याच देशात रान जळतं आणि वारा फिरला की ते सगळं आमच्याकडे येतं. मी जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इंजिनीअर आहे. तिथे धूर दिसला की भोंगा वाजतो, कुणीतरी धावतं आणि कुठला तरी व्हॉल्व्ह बंद होतो. इतकी वर्षं हेच करत आलोय. त्यामुळे ज्याला व्हॉल्व्हच नाही अशा धुराचं काय करायचं, ते मला समजत नाही. मी घरभर फिरतो, टॉवेल पुन्हा ओले करतो, पुन्हा फिरतो. मंजिरी म्हणाली, "बस ना एका जागी. तुला प्रत्येक गोष्टीला व्हॉल्व्ह लागतो."

आमची मुलगी मुक्ता प्रायमरी सिक्सला आहे. म्हणजे याच धुरात तिची पीएसएलई, प्राथमिक शाळा संपतानाची सरकारी परीक्षा. इथल्या आईबापांची या चार अक्षरांनी जेवढी झोप उडते तेवढी आमच्या लहानपणी बोर्डाच्या परीक्षेनेही कुणाची उडाली नव्हती. मुक्ता जेवणाच्या टेबलावर गणिताचे सराव पेपर पसरून बसलेली असते. बाहेर जळक्या गवताचा वास, आत पेन्सिलची खरखर. हे दोन्ही एकत्र आलं की मी सिंगापुरात राहत नाही. मी टांझानियातल्या त्या पठारावर असतो आणि कोरड्या हवेने माझे ओठ फुटलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. तेलाचे भाव पडले, प्लांटने माणसं कमी केली, त्यात मीही होतो. मंजिरीची नोकरी आणि तिचा कामाचा पास होता म्हणून आम्ही इथे टिकलो. घरी बसून मी इतका चिडचिडा झालो, की तिनेच एका ओळखीतून कळलेली गोष्ट माझ्यापुढे ठेवली. टांझानियात एका गावच्या शाळेला गणित शिकवायला माणूस हवाय, पगार नाही, राहायला खोली आहे. "जा," म्हणाली, "तिथे दुरुस्त करायला पुष्कळ मिळेल." मीही तेच समजून गेलो.

शाळेच्या मागे पत्र्याची खोली. शाळेची घंटा म्हणजे आंब्याच्या झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची लोखंडी चकती, तिच्यावर नटबोल्टाने ठोकायचं. सकाळी मुलं लांबून चालत यायची, प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा हातात पाण्याचा डबा. शाळेत पाणी नव्हतं. ज्याने त्याने आपल्या वाटणीचं पाणी घरून आणायचं, ते मोठ्या पिंपात ओतायचं, मग वर्गात जायचं. सांडू नये म्हणून ती इतकी सरळ चालायची, की लांबून रांग बघताना माझीच मान ताठ व्हायची. जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत पालेभाजी. पहिल्या दिवशी ती भाजी तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण तो चक्क आपला माठ होता. फक्त लसणाची फोडणी नव्हती.

आणि पोहोचल्यापासून जो तो मला 'पोले' म्हणत होता. हेडमास्तरांनी माझी बॅग उतरवली आणि म्हणाले, पोले, लांबचा प्रवास झाला. खोली झाडणारी बाई म्हणाली, पोले, धूळ फार आहे. मी दगडाला ठेचकाळलो तर चार पोरं चार दिशांनी 'पोले' म्हणाली. बायको कुठे, विचारलं, सिंगापुरात, म्हणालो, पोले. माझ्या शेजारच्या वर्गावर जॉयसबाई होत्या. बाई मीच म्हणायचो, पुढे त्यांनाही ते आवडायला लागलं. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, म्हणून माझं सगळं त्यांच्यावाचून अडायचं. मी त्यांना विचारलं, "सगळे माझी माफी का मागतात? मला ठेच लागली त्यात त्यांची काय चूक?"

"माफी नाही मागत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागलं, ते आम्ही पाहिलं. एवढंच म्हणायचं असतं."

"मग मी काय म्हणायचं?"

"धन्यवाद म्हणायचं आणि चालायला लागायचं."

मला हे अपुरं वाटलं. आपल्याकडे असं नसतं. आपल्या माणसाला नुसतं सांगून बघा, पाठ दुखते म्हणून. लगेच विटेने शेका, ओव्याची पुरचुंडी करा, ताठ बसत जा, माझ्या साडूला असंच व्हायचं, त्याने अमुक डॉक्टरला दाखवलं. दुःख सांगणाऱ्याच्या हातात आपण उपाय ठेवतो आणि मोकळे होतो. मीही त्याच वळणावरचा. जॉयसबाईंची दाढ दुखत होती तर मी लवंग शोधत बाजारभर हिंडलो. शाळेत पाणी नाही म्हटल्यावर छपराला पन्हळी लावून पावसाचं पाणी टाकीत घ्यायची योजना काढली. हेडमास्तर फक्त म्हणाले, "पाऊस यायला वेळ आहे." मी म्हटलं, तयारी आधीच केलेली बरी. गावच्या सुताराला हाताशी धरून पन्हळी लावल्या, टाकी बसवली, उतार पाण्याच्या पातळीने तपासला. काम नामी झालं होतं. मी तिथून निघेपर्यंत पावसाचा एक थेंब पडला नाही. सुट्टीत मुलं त्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवायची आणि मग माझ्याकडे बघून मनापासून म्हणायची, पोले.

हसू यायचं तेव्हा. आता त्या कोरड्या टाकीची आठवण आली की मी उठून टॉवेल पुन्हा ओले करतो.

मग तिथला परीक्षेचा मोसम आला. पीक निघालं की लोक शेतातला काडीकचरा पेटवतात, आणि नेमकी त्याच सुमारास सातवीची सरकारी परीक्षा असते. त्या परीक्षेतून पुढच्या शाळेसाठी मुलं निवडली जातात. निवड झाली नाही तर शिक्षण तिथेच थांबतं. शाळा सुटल्यावर मी सातवीला थांबवून घ्यायचो. क्षितिजावर धुराचे उभे पट्टे, सूर्य पिकलेल्या पपईच्या रंगाचा, आणि वर्गात अपूर्णांक. माझी तिथली भाषा मुलांच्या करमणुकीचा विषय होती, पण गणित फळ्यावर चालतं, त्याचं फार काही अडत नाही. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असायचे. मी त्यांना आपल्याकडच्या क्लासवाल्यांची युक्ती शिकवली. उत्तर शोधत बसू नका, आधी चुकीचे पर्याय ओळखा, बाद करत जा, उरेल ते बरोबर.

ही युक्ती सर्वांत आधी एस्टाने उचलली. एस्टा उंच, काटकुळी, एका बाजूच्या भुवईवर जुनी खूण. फळ्यापाशी आली की खडू हातात घेण्याआधी दोन्ही हात स्कर्टला पुसायची, मंदिरात शिरण्याआधी आपण पाय धुतो तसं. मग एकेका चुकीच्या पर्यायावर काट मारायची आणि प्रत्येक काट मारताना तो का चूक आहे ते वर्गाला सांगायची. मला तिच्या बोलण्यातलं अर्धंच कळायचं, पण वर्ग हसायचा, म्हणजे चुकीच्या पर्यायांची ती टर उडवत असणार. एकदा तिने मला विचारलं, तुमच्या मुलीचीही अशी परीक्षा असते का? म्हटलं, असते, दोन वर्षांनी आहे. एस्टा हसली आणि म्हणाली, "तिला माझ्याकडून पोले सांगा."

खऱ्या परीक्षेआधी सराव परीक्षा झाली. जॉयसबाई आणि मी आंब्याखाली बसून गणिताचे पेपर तपासत होतो. एस्टाच्या पेपरवर पहिलं उत्तर चूक, दुसरं चूक, तिसरं चूक. मला वाटलं, एक ओळ सरकली असेल, मुलांचं होतं असं. मी सगळी उत्तरं एक घर वर सरकवून पाहिली, खाली सरकवून पाहिली. जमेना. शेवटपर्यंत एकही उत्तर बरोबर नव्हतं. डोळे मिटून खुणा केल्या तरी काही ना काही बरोबर येतंच, गणित येणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एकही बरोबर न येण्यासाठी प्रत्येक वेळी बरोबर उत्तर टाळावं लागतं. मी पेपर जॉयसबाईंपुढे धरला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"ही पहिली नाही," त्या म्हणाल्या. "घरून सांगितलं असेल."

मग त्यांनी समजावलं. निवड झाली तर मुलीला पुढच्या शाळेत पाठवावंच लागतं. नाही पाठवलं तर गावचा अधिकारी दारात येतो. पण निवडच झाली नाही तर कुणालाच नाही म्हणावं लागत नाही, कुणाशी वाईटपणा येत नाही. पुढची शाळा खूप लांब, रोज चालत जाणं अशक्य, मुली तिथल्या बाजारपेठेत खोली करून राहतात. एस्टाची मोठी बहीण तशीच गेली होती. दुसऱ्या वर्षी ती पोटुशी होऊन परत आली, शाळेने नाव काढून टाकलं. ते मूल आता चालायला लागलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी एस्टाला थांबवलं. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, तुला काय हवंय? ती फळ्याकडे वळली. मग म्हणाली, "माझी बहीण रोज रडते, आणि आई तिच्याकडे बघत नाही." आणि फळा पुसायला लागली. फळ्यावर काही नव्हतं.

इतकं कळल्यावर गप्प बसेल तो मी कुठला. जॉयसबाईंना घेऊन तिच्या घरी गेलो. तिथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून एस्टाची आई म्हणजे मामा एस्टा. वास्तविक थोरलीच्या नावाने हाक मारायची रीत. या घरात ती बदलली होती, आणि जॉयसबाईंनी वाटेत मला बजावलं, की थोरलीचं नाव काढू नका. मामा एस्टा अंगणात सूर्यफुलाच्या बिया पाखडत होत्या. अगदी आपल्या बायका सूप धरतात तसं सूप, तसाच मनगटाचा झटका. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, स्वतः जमिनीवर बसल्या. दारात एक पोर भिंतीला धरून उभं होतं, त्याच्यामागे अंधारात कुणीतरी बसलेलं होतं, ते बाहेर आलं नाही.

मी सुरुवात केली. मुलगी हुशार आहे. पोले, त्या म्हणाल्या. मुलींचं वसतिगृह शोधू. त्या मान हलवत राहिल्या. हेडमास्तर लक्ष ठेवतील, खर्चाचं मी बघतो, दर महिन्याला जॉयसबाई जाऊन येतील. जॉयसबाई हे सगळं भाषांतर करत होत्या, आणि त्यांचा आवाज माझ्या वाक्यागणिक हळू होत गेला. शेवटी मामा एस्टा एकच बोलल्या. "थोरलीच्या वेळीही एक चांगले गुरुजी आले होते. याच स्टुलावर बसले होते." मग उठल्या, अंगणातली तांबडी कोंबडी पकडली, पाय बांधले आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

मी इतका खूश झालो, की विचारू नका. आपल्याकडे बोलणी झाल्यावर हातात काही ठेवलं की गोष्ट पक्की. साखर असो, सुपारी असो, पेढा असो. कोंबडी काखोटीला मारून मी ढेंगा टाकत निघालो, वाटेत वसतिगृहाचा हिशेबही सुरू केला. जॉयसबाई दोन पावलं मागे चालत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "मानलं ना त्यांनी?"

"पाहुण्याला कोंबडी दिली की त्याचा पुरता मान झाला," त्या म्हणाल्या. "आता त्या विषयावर तुम्हाला परत त्या घरी जाता येणार नाही."

म्हणजे मी समजत होतो सुपारी फुटली आणि प्रत्यक्षात माझ्या हातात नारळ दिला गेला होता. मी रस्त्यातच उभा राहिलो. कोंबडी माझ्या बरगडीला ऊब देत शांत बसून होती. मी कोल्हापूरकडचा माणूस, कोंबडी बघितली की मला मसाला आठवतो, पण ही मला मारवेना. ती माझ्या खोलीत राहिली, माझ्या बुटात अंडी घालू लागली, आणि रोज सकाळी एक बूट रिकामा करताना मला मामा एस्टांच्या अंगणाची आठवण यायची. मला त्यांचा राग आणायचा होता, तो येत नव्हता. चांगल्या गुरुजींवर त्यांनी एकदा विश्वास टाकला होता. माझ्यापाशी त्याहून वेगळं काय होतं?

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या माणसाला शाळेत मज्जाव. दुसऱ्या शाळांचे शिक्षक देखरेखीला येतात, फाटकापाशी पोलीस बसतो. मी फाटकाबाहेर बाभळीखाली उभा होतो. चारी बाजूंना शेतं जळत होती, काळी राख सुपातून उडणाऱ्या कोंड्यासारखी खाली येत होती, शर्टावर बसत होती. खिडकीतून एस्टाची मान दिसत होती. खाली वाकलेली, अगदी सावकाश लिहिणारी. ती एक प्रश्न वाचत असेल, बरोबर उत्तर तिला लगेच दिसत असेल, आणि मग ती ते सोडून दुसऱ्याकडे जात असेल. बाद करायची युक्ती मीच शिकवली होती. मला ओरडावंसं वाटलं. भोंगा नव्हता, व्हॉल्व्ह नव्हता. मी शर्टावरची राख झटकत उभा राहिलो.

मुलं बाहेर आली. एस्टा नेहमीसारखी ताठ चालत आली, डोक्यावर पाण्याचा डबा असल्यासारखी. मी पुढे झालो. तिने माझ्याकडे, माझ्या राखेने भरलेल्या शर्टाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "पोले, मवालिमू." मवालिमू म्हणजे गुरुजी. रीतीप्रमाणे मी तेव्हा धन्यवाद म्हणून चालायला लागायला हवं होतं. माझे पाय हलले नाहीत. तीच गेली.

निकाल लागला तेव्हा मी इथे परतलो होतो, दुसऱ्या कंपनीच्या बसने पुन्हा आयलंडवर जाऊ लागलो होतो. जॉयसबाईंचा फोनवर निरोप आला. शाळेतली बरीच मुलं निवडली गेली. एस्टा नाही. ती बरी आहे, आईबरोबर बाजारात टोमॅटो विकते. टाकीत पाणी साठलं. कोंबडीला पिल्लं झाली.

काल संध्याकाळी मुक्ताने सराव पेपर बाजूला सारला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजी मिसळलेल्या मराठीत विचारलं, "बाबा, तू आफ्रिकेला शिकवायला गेला होतास ना, ऑल पास ऑर नॉट?" दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. मंजिरीने डोळ्यांनी खुणावलं, आत्ता नको. पण मी सांगितलं. पन्हळी, टाकी, कोंबडी, सगळं. एस्टाचा पोलेसुद्धा दिला, दोन वर्षं माझ्याकडेच राहून गेलेला. मुक्ता पेन्सिलींना टोक करून झोपायला गेली.

आज सकाळी तिला शाळेत सोडायला मी निघालो. दोघांनीही मास्क लावलेले, रस्त्यावरचे दिवे उजाडलं तरी तसेच पिवळे. माझ्या ओठांवर उपदेश तयार होते. घाई करू नको, पाणी पी, आधी चुकीचे पर्याय बाद कर. हे शेवटचं वाक्य आलं आणि माझी जीभच अडली. तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "बाबा, त्या मुलीचं एव्हरी वन राँग?"

"हो. सराव पेपरात एकूण एक."

"बट दॅट मीन्स तिला सगळंच येत होतं व्हॉट. सगळं यायला लागतं, तरच सगळं चुकवता येतं." ती थोडं चालली. "सो शी गॉट फुल मार्क्स, लाह. यू टोल्ड हर ऑर नॉट?"

"नाही."

"व्हाय?"

फाटक आलं होतं. तिने दप्तर सारखं केलं आणि उपदेशाची वाट बघत थांबली, कारण दर वेळी तो येतो. मी म्हटलं, "पोले."

"फॉर व्हॉट? अजून तर पेपर द्यायचाय."

"असंच. तू दमलीस, ते मी पाहिलं."

मास्कमागे ती हसली असावी, डोळे बारीक झाले. मग ती धुरात, इतर मुलांच्या रांगेत मिसळली आणि फाटक लागलं. पालकांनी घरी जावं, असं वॉचमनने हाताने सांगितलं. पालक तिथेच उभे राहिले. मीही. एस्टाला त्या पेपरात पैकीच्या पैकी होते, आणि ते लाल शाईने लिहायला मला कुठे जागा नव्हती. खूप वेळाने माझ्या लक्षात आलं, मुक्ताची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली होती.